लहान भूखंडावरील आकाशक

बंगळूरच्या शिवाजीनगरात, रसेल मार्केटच्या परिसरातील दाट वस्तीत, हौशी रेडिओचालकापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो जागेचा. 7 मेगाहर्ट्‌झ कंप्रतेच्या तरंगाची लांबी सुमारे 43 मीटर असते. तिच्या निम्म्याहून किंचित कमी, म्हणजे सुमारे 20 मीटर तार आकाशकास लागते. आणि 30 बाय 40 फुटी भूखंडाचा कर्णदेखील 15 मीटरच भरतो.

यावर उपाय आहे. 10 मीटर उंचीचा एकच खांब उभारून तारेचा मध्य त्याच्या शेंड्यास टांगावा व दोन्ही बाहू 45 अंशांच्या उताराने खाली आणावेत. मग कर्णरेषेवर 14 मीटर जागा पुरते व टोके सुमारे 3 मीटर उंचीवर राहतात. प्रक्षेपणाच्या वेळी विद्युत्-दाब टोकांशीच सर्वाधिक असल्यामुळे ती हाताच्या पल्ल्याबाहेर असणे अगत्याचे होय.

खांब कोसळला तरी त्याचा वा तारेचा वीजवाहिन्यांस स्पर्श होता कामा नये. तितकी मोकळी जागा नसेल, तर तो उभारूच नये.

2001 साली कच्छच्या भूकंपात दूरध्वनी बंद पडले, तेव्हा हौशी रेडिओचालकांनी निरोप पोचविण्याचे काम केले. त्यासाठी लागते ती अशीच एक साधी, पण नीट बांधलेली तार.