पाहणी, तपासणी आणि चाचपणी : विमानाच्या पंखांतील सैल जोडखिळ्यांविषयीच्या आदेशांची भाषा

विमानाचा पंख हा एकसंध पदार्थ नव्हे. पत्रे, तुळया, फासळ्या आणि सरकत्या फळ्या असे अनेक भाग एकमेकांस जोडून तो सिद्ध होतो, आणि ही जोडणी हजारो रिबिटी, नट, बोल्ट व वायसर यांच्यावर अवलंबून असते. या सर्वांना मिळून इंग्रजीत एक जातिवाचक शब्द आहे. मराठीत कारागीर 'नट-बोल्ट' असे म्हणून वेळ निभावतो. प्रस्तुत लेखापुरता मी 'जोडखिळा' हा शब्द योजतो. हे जोडखिळे सैल झाले किंवा जागेवर नसले तर काय करावे, याविषयी विमानवाहतुकीचे नियामक वेळोवेळी सक्तीचे आदेश काढतात. अशा आदेशाला 'उड्डाणयोग्यता आदेश' म्हणावयास हरकत नाही. तो कोणत्या विमानांस लागू आहे, दोष कोणता, काय करावयाचे आणि किती दिवसांच्या आत, एवढ्या चार गोष्टी त्यात असतात. ज्या देशात विमानाचा आराखडा झाला त्या देशाच्या नियामकाचा आदेश आपल्याकडेही बंधनकारक ठरतो. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत सक्तीच्या सुधारणा व तपासण्या यांसाठी स्वतंत्र प्रकरण आहे.

भाषेच्या अभ्यासकाने या विषयात का पडावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर असे की, हा आदेश म्हणजे अखेर काही वाक्ये होत. कचेरीत बसून लिहिलेले वाक्य रात्रपाळीच्या यंत्रज्ञाने हातात विजेरी घेऊन अमलात आणावयाचे असते, आणि या दोघांच्या मनात एकाच क्रियापदाचा एकच अर्थ नसेल तर विमान सदोष स्थितीत उडते.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो, आणि या ताणामुळेच दोन भाग एकमेकांवर घट्ट दाबले जातात. कंपनांनी, विशेषतः आडव्या हेलकाव्यांनी, नट कणाकणाने उलट फिरू लागला की हा ताण कमी होतो, आणि ताण कमी झाला की फिरणे अधिक सुलभ होते. म्हणून नटाला पिन, तार, चिकटद्रव्य किंवा स्वतःच घट्ट राहणारा आटा अशी कोणती तरी अटकाव-योजना करतात. नट आणि पृष्ठभाग यांवरून रंगाची एक रेघ ओढून ठेवण्याचीही पद्धत आहे. रेघ तुटलेली दिसली म्हणजे नट फिरला असे समजावे. रिबिटीला आटे नसतात. ती सैल होते ती भोक मोठे झाल्यामुळे. उड्डाणात पंख वर वाकतो, त्याचा खालचा पत्रा ताणला जातो व वरचा दाबला जातो. विमान जमिनीवर उतरले की हे बळ उलटते. या येरझारांत सैल रिबीट भोकात घासते, अॅल्युमिनियमची काळपट भुकटी होते, आणि वाऱ्याच्या दिशेने तिची एक रेघ पत्र्यावर उमटते. इंग्रजी बोलणाऱ्या कारागिरांनी अशा रिबिटीला 'धूर सोडणारी' असे नाव दिले आहे. नाव काव्यमय असले तरी ते निदानाच्या कामाचे आहे : दोष स्वतः दिसत नाही, त्याची खूण दिसते. एक जोडखिळा गेला की त्याचा भार शेजाऱ्यांवर पडतो, हे तर सांगावयास नकोच.

आता एक प्रत्यक्ष घटना. २० ऑगस्ट २००७ रोजी चायना एअरलाइन्सचे बोइंग ७३७-८०० जातीचे विमान जपानमधील ओकिनावा बेटावर नाहा येथे उतरले. ते आपल्या जागी येऊन थांबते न थांबते तोच उजव्या पंखाजवळ आग लागली. विमानातील सर्व १६५ माणसे बाहेर पडली; विमान मात्र जळून गेले. पंखाच्या पुढच्या काठावर सरकत्या फळ्या असतात. त्या ज्या रुळांवर मागे-पुढे होतात त्यांच्या टोकाशी, रूळ मर्यादेबाहेर जाऊ नये म्हणून, एक बोल्ट असतो. त्याच्या नटाकडच्या बाजूचा वायसर नव्हता. नटाचा घेर भोकापेक्षा लहान असल्याने वायसरावाचून सारा जोड भोकातून निसटला, बोल्ट खाली पडला, आणि उतरल्यानंतर फळी मागे घेताना रुळाने तो बोल्ट इंधनाच्या टाकीत घुसविला.

अमेरिकेच्या नियामकाने पाचव्याच दिवशी तातडीचा आदेश काढला : या जातीच्या विमानांतील हे जोड २४ दिवसांत तपासावेत. तपासणी सुरू होताच इतर विमानांतही सैल भाग सापडले, आणि लगेच मुदत १० दिवसांवर आणण्यात आली. परंतु आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. जपानच्या तपास मंडळाच्या निष्कर्षानुसार हा वायसर बहुधा त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात दुरुस्तीच्या वेळी गळाला. आणि ती दुरुस्ती कशासाठी होती? नट सैल होऊ नये म्हणून त्याला चिकटद्रव्य लावण्यासाठी! नटाची जागा अडचणीची होती, हात नीट पोहोचत नव्हता. ही अडचण ना निर्मात्याच्या पत्रात पुरेशी लक्षात घेतली गेली, ना विमान कंपनीच्या कार्यपत्रिकेत. आणि काम करणाऱ्याने व त्याच्या वरिष्ठाने ती, ज्याने काम सोपविले त्याला कळविली नाही. वरून खाली आलेल्या वाक्यात एक गोष्ट राहिली, आणि खालून वर जावयाचे वाक्य बोललेच गेले नाही.

या ठिकाणी क्रियापदांचा विचार करणे अवश्य आहे. देखभालीच्या आंतरराष्ट्रीय परिभाषेत नजरेच्या तपासणीच्या पायऱ्या ठरविल्या आहेत. पहिली सर्वसाधारण : हात पोहोचेल इतक्या अंतरावरून, नेहमीच्या उजेडात, उघड दिसणारा बिघाड शोधावयाचा. दुसरी बारकाईची : विशिष्ट भागावर थेट उजेड पाडून, गरज पडल्यास आरसा किंवा भिंग घेऊन, पृष्ठभाग स्वच्छ करून, आणि तीत स्पर्शाने घट्टपणा अजमावण्याचाही अंतर्भाव होऊ शकतो. अमेरिकन आदेशांत याखेरीज आणखी एक भेद आहे : 'चेक' ही क्रिया वैमानिकास करू दिली जाऊ शकते, 'इन्स्पेक्शन' मात्र अधिकारप्राप्त यंत्रज्ञानेच करावयाची. सामान्य इंग्रजीत हे दोन शब्द जवळजवळ समानार्थी आहेत. कायद्याने त्यांच्यात भिंत उभी केली.

मराठीला अशी भिंत बांधण्यास फार श्रम पडू नयेत, कारण तिच्याजवळ सामग्री आहे. 'पाहणी' नजरेची. 'तपासणी'त नजरेबरोबर निकष असतो : काय असावयास हवे हे ठाऊक असून ते तसे आहे काय, हे पाहणे. 'चाचपणी' हाताची. 'पडताळणी' दोन नोंदींची किंवा नोंद व वस्तू यांची. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातील राजूर येथे डांगी जनावरांचे प्रदर्शन भरत आले आहे. तेथे बैलाची पारख करणारा जाणता माणूस कसा वागतो ते पाहावे. प्रथम तो दुरून जनावर नजरेखाली घालतो. मग जवळ जाऊन अंगावरून हात फिरवितो, वशिंड दाबतो, तोंड उघडून दात मोजतो, आणि शेवटी चालवून पाहतो. या चार क्रियांना तो एकच नाव देत नाही, आणि 'बैल पाहिला' असे म्हणणाऱ्याने बैलाला हात लावला असेलच असे कोणी गृहीत धरीत नाही. आमच्या कार्यालयीन मराठीने मात्र 'तपासणी' या एका शब्दाच्या पोटात हे सारे कोंबले आहे. शाळातपासणी तीच, रक्ततपासणी तीच, आणि बोल्टचीही तीच. मला हा शब्दांचा काटकसरीपणा वाटत नाही, आळस वाटतो.

सैलपणाच्या शब्दांतही अशाच छटा आहेत. 'सैल' हा दोषवाचक असेलच असे नाही; अंगरखा सैल असतो तो सोईसाठी. 'ढिला' म्हणजे जेवढे घट्ट असावयास हवे तेवढे नसणे. 'खिळखिळा' हे एका खिळ्याचे विशेषण नव्हे, साऱ्या सांगाड्याचे आहे : बोल्ट ढिला होतो, गाडी खिळखिळी होते. ('खिळा' या शब्दाशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह होतो, परंतु तो आवाजाच्या अनुकरणातून आला असण्याचा संभव मला अधिक वाटतो.) 'आटे गेले' म्हणजे आता आवळूनही उपयोग नाही. यंत्रज्ञाने 'ढिला आहे' म्हटले तर उपाय आवळण्याचा, 'आटे गेले' म्हटले तर बदलण्याचा. बैलगाडीच्या कण्याची खीळ पाहणाऱ्या राजूरच्या शेतकऱ्याला हा भेद शिकवावा लागत नाही.

याहून अवघड प्रश्न अभावाचा आहे. जे नाही ते दिसणार कसे? 'बोल्ट नाही' आणि 'बोल्ट दिसला नाही' ही दोन विधाने एक नव्हेत. पहिल्यात वस्तूविषयी ज्ञान आहे, दुसऱ्यात केवळ पाहणाऱ्याचा अनुभव. पुन्हा, 'नाही' याच्या मागेही दोन इतिहास संभवतात : बोल्ट निखळला, किंवा मुळात बसविलाच नाही. इंग्रजीतील एकच विशेषण हे दोन्ही झाकून टाकते. ५ जानेवारी २०२४ रोजी अलास्का एअरलाइन्सच्या ७३७-९ विमानाचा दाराच्या जागी बसविलेला पॅनेल पोर्टलंडहून उड्डाण केल्यावर उडून गेला. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. तेथील तपासात जे उघड झाले ते असे : शेजारच्या खराब रिबिटी दुरुस्त करण्यासाठी हा पॅनेल कारखान्यात उघडला होता, आणि त्याला धरून ठेवणारे चार बोल्ट पुन्हा बसविले गेले नाहीत. उघडल्याची नोंदच झाली नव्हती. म्हणून बसविले की नाही हे पडताळण्याची पाळी कोणावर आली नाही. असे बोल्ट 'सैल झाले काय' अशा शोधातून सापडणारे नव्हेत.

भारतातही याच सुमारास दोन निरनिराळ्या तपासण्या झाल्या. एक या घटनेनंतरची : महासंचालनालयाने ७३७ मॅक्स जातीच्या विमानांची, पंखावर उघडणाऱ्या संकटकालीन दारांसंबंधी, एकवारची तपासणी करण्यास सांगितले. अलास्काच्या विमानासारखा पॅनेल भारतीय कंपन्यांच्या विमानांत नव्हता, तरीही. देशातील तीन कंपन्यांकडे मिळून अशी ४० विमाने होती. दुसरी त्याच्या आधी, डिसेंबर २०२३ मध्ये निर्मात्याच्या सूचनेवरून सुरू झालेली, शेपटीतील सुकाणूच्या जोडांची. तीत एका भारतीय विमानात एक वायसर जागेवर नसल्याचे आढळले, आणि तो दोष दूर करूनच विमान सेवेत सोडण्यात आले. बोटाच्या पेराएवढी चकती. परंतु नाहा येथे जळालेल्या विमानाचा इतिहास डोळ्यांपुढे असेल तर ती क्षुल्लक म्हणता येणार नाही.

नोंदीच्या भाषेत मराठी व्याकरण एक सापळा लावून ठेवते, त्याकडे अद्याप पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. आपल्याकडे क्रियापदांच्या जोड्या आहेत : काढणे-निघणे, पाडणे-पडणे, सोडणे-सुटणे, तोडणे-तुटणे. पहिल्यात कर्ता लागतो, दुसऱ्यात घटना आपोआप घडल्यासारखी होते. 'वायसर पडला' या वाक्यात कोणीच नसतो. दुकानात बरणी फुटली की नोकर 'फुटली' म्हणतो, 'फोडली' म्हणत नाही. हा माणसाचा स्वभाव आहे आणि भाषेने त्याची सोय केली आहे. 'उघडणे' तर दोन्हीकडे चालते : 'दार उघडले' म्हणजे कोणी उघडले की आपले आपण उघडले, हे त्या वाक्यावरून कळत नाही. गप्पांत हे चालेल. कार्यपत्रिकेत 'बोल्ट निघाला' आणि 'बोल्ट काढला' यांत फरक असा की, दुसऱ्या वाक्यानंतर 'मग परत बसविला काय?' हा प्रश्न आपोआप उभा राहतो, पहिल्यानंतर राहत नाही. येथे एक काळजी घेतली पाहिजे. कर्त्याचे नाव शिक्षेसाठी मागितले जाते असा समज झाला की माणसे पुन्हा 'निघाला'कडे वळतात. म्हणून ज्या कारखान्यात 'माझ्या हातून पडला' असे निर्भयपणे म्हणता येत नाही, तेथे केवळ व्याकरण सुधारून काही साधणार नाही.

इंग्रजीने आपल्या संदिग्धतेवर जो उपाय केला तो अभ्यासण्याजोगा आहे. १९८०च्या दशकात युरोपातील विमान उद्योगाने देखभालीच्या पुस्तकांसाठी मर्यादित इंग्रजी तयार केली. तीत मान्य शब्दांची यादी आहे आणि प्रत्येक शब्दास शक्यतो एकच अर्थ. 'फॉलो' याचा अर्थ 'मागून येणे' एवढाच. सूचना 'पाळणे' या अर्थी तो वापरावयाचा नाही. 'टेस्ट' नाम म्हणून चालते, क्रियापद म्हणून नाही. कृती सांगणारे वाक्य २० शब्दांपेक्षा लांब नसावे आणि एका वाक्यात एकच आज्ञा असावी. साहित्याच्या अभ्यासकास हे दारिद्र्य वाटेल. पण ही भाषा ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा वाचकांचा विचार करून घडविली आहे, आणि आपले यंत्रज्ञ त्यांतच मोडतात. सांताक्रूझच्या हँगरमध्ये किंवा नाशिकजवळ ओझरच्या लढाऊ विमानांच्या कारखान्यात काम करणारा मराठी माणूस सूचना इंग्रजीत वाचतो, शेजाऱ्याशी मराठीत बोलतो, आणि सही पुन्हा इंग्रजी नोंदीखाली करतो. मधला टप्पा कोठेही लिहिला जात नाही.

त्या मधल्या टप्प्यासाठी एक लहानसे कोष्टक तयार करणे आमच्या विभागाच्या आवाक्यातील आहे. नजरेच्या पहिल्या पायरीस 'पाहणी', बारकाईच्या पायरीस 'तपासणी', तिच्यातील स्पर्शाच्या भागास 'चाचपणी' आणि नोंदीशी मेळ घालण्यास 'पडताळणी' असे शब्द बांधून घ्यावेत. 'नाही' याच्याजागी 'निखळला', 'बसविला नव्हता' आणि 'दिसू शकला नाही' असे तीन पर्याय ठेवावेत. तिसरा पर्याय मला सर्वांत मोलाचा वाटतो. 'दिसू शकला नाही' असे लिहिणारा माणूस जागा अडचणीची आहे हे वर कळवीत असतो. नाहा येथे हेच वाक्य कोणी लिहिले नाही. असे कोष्टक इंग्रजी कार्यपत्रिकेची जागा घेणार नाही व घेऊही नये. ते प्रशिक्षणाच्या वर्गात आणि पाळी बदलताना एकाने दुसऱ्यास काम सोपविण्याच्या वेळी उपयोगी पडेल. राजूर परिसरातील गाडी, नांगर व मोट यांच्या जोडांविषयीचे शब्द या दृष्टीने गोळा करण्याचे काम हाती घेतले आहे. त्यांतील घट्ट-सैलपणाच्या शब्दांची यादी पुढील अंकात देण्याचा विचार आहे.