एका बेटावरची सरहद्द

मुलांनो, नकाशासंग्रह घ्या आणि युरोपचे पान उघडा. ब्रिटनच्या पश्चिमेस समुद्रात एक बेट दिसेल. ते आयर्लंड. या बेटावर आज दोन राज्ये आहेत. ईशान्येकडच्या लहान भागाला उत्तर आयर्लंड म्हणतात. तो भाग ब्रिटनशी जोडलेला असून बेलफास्ट ही त्याची राजधानी आहे. उरलेला मोठा भाग म्हणजे आयर्लंडचे स्वतंत्र प्रजासत्ताक. त्याची राजधानी डब्लिन. बोलताना लोक या राष्ट्राला नुसते 'दक्षिण' म्हणतात.

आता या बेटाचे अगदी उत्तरेचे टोक शोधा. त्याचे नाव मॅलिन हेड. ते कोणत्या राज्यात असेल? उत्तर आयर्लंडात, असे तुम्ही चटकन म्हणाल. पण नकाशातला रंग नीट पाहा. उत्तरेचे हे टोक 'दक्षिणेत' आहे!

असे कसे झाले? ही सरहद्द आखणाऱ्यांनी दिशा पाहिल्या नाहीत, नद्या किंवा डोंगरही पाहिले नाहीत. हे समजण्यासाठी आपल्याला थोडे मागे जावे लागेल.

जुन्या काळी आयर्लंडमध्ये अनेक राजे होते. त्या काळापासून या बेटाचे चार प्रांत मानले जातात. उत्तरेस अल्स्टर, पूर्वेस लेन्स्टर, दक्षिणेस मन्स्टर आणि पश्चिमेस कॉनाक्ट. प्रांत म्हणजे तुम्ही उर्दूत ज्याला सूबा म्हणता तो. गंमत अशी, की आयरिश भाषेत प्रांतासाठी जो शब्द आहे त्याचा मूळ अर्थ 'पाचवा हिस्सा' असा होतो. प्रांत चार आणि नाव पाचवा हिस्सा! पूर्वी मीथ नावाचा पाचवा प्रांत होता. तो पुढे नाहीसा झाला, शब्द मात्र राहिला.

बाराव्या शतकात इंग्लंडची सत्ता या बेटावर आली. कारभारासाठी इंग्रजांनी हळूहळू मुलूख तोडून 'काउंटी' पाडल्या. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. हे काम एका दिवसात झाले नाही. विकलो नावाची शेवटची काउंटी 1606 मध्ये झाली. अशा एकूण 32 काउंट्या झाल्या. त्यांपैकी नऊ अल्स्टर प्रांतात होत्या. कर गोळा करणे आणि न्यायालय भरवणे, एवढेच काउंटीच्या हद्दीचे काम. ती एखाद्याच्या शेतातून गेली, तरी कोणाचे काही बिघडत नव्हते. या हद्दीवर पुढे कधी शिपाई उभे राहतील, असे ती ठरवणाऱ्यांच्या स्वप्नातही नसेल.

1609 नंतर इंग्लंडच्या राजाने अल्स्टरमधल्या जमिनी काढून घेतल्या आणि तेथे स्कॉटलंड व इंग्लंडमधून माणसे आणून वसवली. ही माणसे प्रॉटेस्टंट होती. मूळचे रहिवासी कॅथलिक होते. दोघेही ख्रिस्तीच, पण पंथ वेगळे. पुढे आयर्लंडमधल्या बहुसंख्य लोकांना स्वतःचे राज्य हवे झाले. अल्स्टरच्या प्रॉटेस्टंटांना मात्र ब्रिटनबरोबरच राहायचे होते. या भांडणाला लोक धर्माचे भांडण म्हणतात. ते अर्धेच खरे आहे. जमीन कोणाची, नोकरी कोणाला आणि सत्ता कोणाच्या हाती, हे प्रश्न त्याच्या मुळाशी होते.

शेवटी 1920 मध्ये ब्रिटिश संसदेने फाळणीचा कायदा केला. आता प्रश्न आला, की रेषा कोठे ओढायची? येथे गणित सुरू झाले. अल्स्टरच्या नऊही काउंट्या घेतल्या, तर शंभरात प्रॉटेस्टंट सुमारे 56 आणि कॅथलिक सुमारे 44 होत होते. एवढ्या थोड्या फरकावर सत्ता टिकेल, याची ब्रिटनच्या बाजूच्या पुढाऱ्यांना खात्री वाटेना. फक्त चार काउंट्यांमध्ये प्रॉटेस्टंटांचे बहुमत होते, पण तेवढा मुलूख फारच लहान झाला असता. म्हणून सहा काउंट्या घेतल्या. अँट्रिम, डाउन, आर्मा, लंडनडेरी, टायरोन आणि फर्मना. या सहांत प्रॉटेस्टंट जवळजवळ दोनतृतीयांश होते. पण टायरोन आणि फर्मना या दोन काउंट्यांत कॅथलिक अधिक होते. त्यांना कोणी विचारले नाही. उलट डोनेगॉल, कॅव्हन आणि मोनाहन या तीन काउंट्या बाहेर राहिल्या. तेथल्या प्रॉटेस्टंटांना आपल्याच माणसांनी दगा दिला असे वाटले. मॅलिन हेड याच डोनेगॉलमध्ये आहे. तुमचे कोडे येथे सुटले.

मे 1921 मध्ये फाळणी अमलात आली. दक्षिण भाग 1922 मध्ये जवळजवळ स्वतंत्र झाला आणि 1949 मध्ये पूर्ण प्रजासत्ताक बनला. मधल्या काळात सरहद्द नीट करण्यासाठी एक आयोग नेमला होता. आयोगाने गावोगावच्या लोकांचे म्हणणे ऐकले आणि काही लहान बदल सुचवले. 1925 मध्ये ही बातमी आधीच वर्तमानपत्रात फुटली आणि एकच गोंधळ उडाला. सरकारांनी ठरवले, की आहे ती रेषा तशीच राहू द्यावी. आयोगाचा अहवाल कुलपात गेला. तो छापला गेला 1969 मध्ये!

अशा रीतीने करवसुलीची जुनी हद्द दोन देशांची सरहद्द झाली. तिची लांबी सुमारे 500 किलोमीटर आहे. 1 एप्रिल 1923 पासून तिच्यावर जकातनाके बसले. जकात हा शब्द तुम्ही दानाच्या अर्थाने ओळखता. मराठीत जकात म्हणजे मालावरचा कर. पेटिगो नावाच्या एका लहानशा गावातून नदी वाहते. ती नदीच सरहद्द ठरली. पूल ओलांडून पलीकडच्या दुकानात जाणे म्हणजे परदेशात जाणे झाले. क्लोन्सहून कॅव्हनला जाणारा रस्ता तर थोड्याच अंतरात चार वेळा सरहद्द ओलांडतो. डेरी शहराच्या बाजारात डोनेगॉलचे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या येत असत. त्यांच्या वाटेवरही नाके आले. साहजिकच चोरटा व्यापार वाढला. रात्रीच्या अंधारात लोक गुरे आणि लोणी पलीकडे नेऊ लागले.

पुढचा काळ याहून कठीण होता. 1960 च्या दशकाच्या शेवटी उत्तर आयर्लंडमध्ये हिंसाचार सुरू झाला. सुमारे तीस वर्षांत साडेतीन हजारांहून अधिक माणसे मेली. ब्रिटिश सैन्याने सरहद्दीवरचे अनेक लहान रस्ते खड्डे पाडून बंद केले. शेजारचे गावकरी जमत आणि फावड्यांनी ते खड्डे पुन्हा भरत. सैन्य पुन्हा खणत असे. 10 एप्रिल 1998 रोजी शांततेचा करार झाला. नंतर टेहळणीचे बुरूज उतरवले गेले आणि सर्व रस्ते मोकळे झाले.

2016 मध्ये ब्रिटनने युरोपीय संघ सोडण्याचा कौल दिला आणि 2020 मध्ये तो सोडला. जकातनाके परत येणार, या भीतीने गावे धास्तावली. अखेर नाके जमिनीवर न बसवता ब्रिटनहून समुद्रमार्गे येणारा माल बंदरांत तपासायचे ठरले. त्यामुळे आज तुम्ही त्या रस्त्याने गेलात, तर सरहद्द कोठे आली ते कळणारही नाही. बारकाईने पाहावे लागेल. दक्षिणेत वेगाच्या पाट्या किलोमीटरमध्ये, उत्तरेत मैलांमध्ये. दक्षिणेत टपालपेटी हिरवी, उत्तरेत लाल.

आणखी दोन गोष्टी सांगतो. ज्या बहुमतासाठी सहा काउंट्या निवडल्या, ते बहुमत आता उरलेले नाही. उत्तर आयर्लंडच्या 2021 च्या जनगणनेत कॅथलिक घरांतल्या लोकांची संख्या प्रथमच प्रॉटेस्टंट घरांतल्या लोकांपेक्षा जास्त भरली. आणि ज्या काउंट्यांवरून रेषा आखली, त्यांच्याकडे उत्तरेत 1973 पासून कारभारच नाही. तेथे आता अकरा नव्या परिषदा आहेत.

मग काउंटी जिवंत कोठे आहे? खेळाच्या मैदानावर! गेलिक फुटबॉल या आयरिश खेळात अजून 32 काउंट्यांचे संघ आहेत, आणि अल्स्टरच्या स्पर्धेत सहा नव्हे, नऊ काउंट्या उतरतात. आपण जे फुटबॉल खेळतो त्याचे मात्र बेटावर दोन राष्ट्रीय संघ आहेत. क्रिकेटचा संघ एकच. 2011 च्या विश्वचषकात याच संघाने आपल्या बंगळूरच्या मैदानावर 328 धावांचे लक्ष्य गाठून इंग्लंडला हरवले. शतक ठोकणारा केव्हिन ओब्रायन डब्लिनचा होता आणि कर्णधार विल्यम पोर्टरफील्ड सरहद्दीपलीकडचा, उत्तरेचा.