शहरी आदिवासींचे कल्याण मोजताना

चांदी आणि कापसाच्या व्यापारासाठी ओळखल्या जाणाऱ्या, वऱ्हाडातील बुलढाणा जिल्ह्यात असलेल्या खामगावातील आदिवासी कुटुंबांचे बरे चालले आहे की नाही, हे ठरवू पाहणाऱ्या अभ्यासकाला पहिली अडचण मोजणीच्याही आधी, म्हणजे आदिवासी कोणाला म्हणावे या प्रश्नापाशीच येते. ठरावीक तालुक्यांतील रहिवाशांनाच जमातीचे मानण्याची अट, म्हणजे क्षेत्रबंधन, 1976 च्या दुरुस्ती कायद्याने बहुतांशी उठली, आणि महाराष्ट्रातील अनुसूचित जमातींची संख्या 1971 मधील 29.5 लाखांवरून 1981 मध्ये 57.7 लाखांवर गेली; ही वाढ केवळ जन्मांची नव्हती, हे उघड आहे.

2011 च्या जनगणनेत राज्यातील सुमारे 1 कोटी 5 लाख आदिवासींपैकी 15 लाख शहरांत राहत होते, तर बुलढाणा जिल्ह्याच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण 4.8 टक्के होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत दर जिल्ह्यामागे सरासरी 900 कुटुंबे निवडली गेली. या हिशेबाने बुलढाण्यात आदिवासी कुटुंबे चाळीसेक येतील आणि त्यांतली शहरी तर बोटांवर मोजण्याइतकीच, त्यामुळे एका शहराविषयी त्यांवरून काहीही म्हणता येणार नाही. कॅनडातील हॅमिल्टन आणि टोरांटो येथे यावर तोडगा म्हणून, मुलाखत दिलेल्या व्यक्तीनेच ओळखीच्या इतरांना पाहणीत आणावे, अशी साखळी पद्धत वापरली गेली.

काय विचारावे, हा प्रश्न याहून अवघड आहे. नीती आयोगाचा बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक पोषण, शाळा, इंधन, शौचालय, बँक खाते अशा 12 गोष्टी पाहतो, आणि त्या पाहायलाच हव्यात. परंतु न्यूझीलंडने 2013 मध्ये माओरींच्या पाहणीत कुटुंबाची स्थिती, भाषा आणि मराए, म्हणजे समाजाचे सभास्थान, यांच्याशी असलेले नातेही विचारले. वऱ्हाडातील पारधी जमातीच्या बाबतीत अशी यादी वेगळी होईल. पारध्यांपैकीच असलेल्या, जात्यांना टाकी लावणाऱ्या टाकणकरांचा धंदा पिठाच्या गिरण्यांनी संपवला, तेव्हा त्यांच्या रोजगाराची नोंद जमीन वा जंगल या रकान्यांत शोधणे व्यर्थ आहे. जमातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, जो त्या काळी भटकत असलेल्या कुटुंबांकडे सहसा नसतो; म्हणून घरात दाखला आणि वैधता प्रमाणपत्र आहे का, हा प्रश्न उत्पन्नाच्या प्रश्नाइतकाच मोलाचा ठरतो. शिवाय 1871 पासून चालत आलेला गुन्हेगार जमाती कायदा 1952 मध्ये रद्द झाला असला, तरी चोरी झाल्यावर पोलीस प्रथम कोणाच्या दारात येतात, हेही विचारावे लागेल, आणि ते वस्तीतल्याच शिकलेल्या मुलामुलींनी पारधी बोलीत विचारावे, कारण सरकारी गणकासमोर याचे उत्तर बहुधा "काही त्रास नाही" एवढेच मिळेल.