टायटॅनिकचा म्हणून फिरणारा जिना

दर वर्षी एप्रिलचा दुसरा आठवडा उजाडला, की एक फोटो मोबाइलवर फिरू लागतो. ओकच्या लाकडाचा रुंद जिना, वर काचेचा घुमट, वळणावर घड्याळ आणि घड्याळाच्या दोन्ही बाजूंना कोरीव मूर्ती. खाली ओळ असते : ‘टायटॅनिकचा भव्य जिना, १९१२’. पुरवण्यांमध्येही तो याच ओळीसकट छापून येतो. कितीही वेळा सांगितलं तरी पुढच्या वर्षी पुन्हा तेच! म्हणून एकदा नीट सांगायला हवं : हा जिना टायटॅनिकचा नाही, तिच्याच नमुन्यावर आधी बांधलेल्या ‘ऑलिम्पिक’चा आहे. टायटॅनिकच्या भव्य जिन्याचा खात्रीलायक असा एकही फोटो आजवर मिळालेला नाही.

असं कसं झालं, ते तारखाच सांगतात. दोन्ही जहाजं बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फ गोदीत बांधली गेली. ऑलिम्पिक १४ जून १९११ला पहिल्या सफरीवर निघाली, तेव्हा ती जगातली सर्वांत मोठी बोट होती. साहजिकच तिच्या दालनांचे भरपूर फोटो निघाले. टायटॅनिक त्याच्या दोनच आठवडे आधी, ३१ मे रोजी, पाण्यात उतरली होती आणि तेव्हा ती आतून रिकामी होती. या बोटींची मालक असलेल्या व्हाइट स्टार कंपनीने ऑलिम्पिकचेच फोटो दोन्ही बोटींच्या जाहिरातीसाठी वापरले. ‘द शिपबिल्डर’ या व्यावसायिक मासिकाचा १९११चा विशेषांकही दोन्ही बोटींवर मिळून निघाला होता. तेव्हा १९११ साली छापून आलेलं कोणतंही अंतर्गत दालन टायटॅनिकचं असूच शकत नाही. इतकं साधं गणित आहे.

पुढे टायटॅनिकने २ एप्रिल १९१२ला बेलफास्ट सोडलं, १०ला साउथॅम्प्टन सोडलं आणि १५च्या पहाटे ती बुडाली. फोटो काढायला वेळ होताच कुठे? गोदीचे छायाचित्रकार रॉबर्ट वेल्च यांनी टिपलेली मोजकी दालनं आहेत. साउथॅम्प्टनला चढून ११ एप्रिलला वाटेतल्या क्वीन्सटाउनला उतरलेले पाद्री फ्रान्सिस ब्राउन यांचे व्यायामशाळा, वाचन-लेखन दालन आणि बिनतारी संदेशाची खोली यांचे फोटो आहेत. ब्राउन यांच्या नेगेटिव्ह एका ट्रंकेत पडून होत्या, त्या १९८५मध्ये हाती लागल्या. खरा ठेवा इतका थोडा आहे, म्हणूनच त्यात भलते फोटो मिसळू नयेत.

यावर ठरलेलं उत्तर येतं : ‘अहो, जुळ्या बोटी होत्या. आतून सारख्याच असणार. काय फरक पडतो?’ फरक पडतो. ऑलिम्पिकच्या बी डेकवर १९११मध्ये कडेने बंदिस्त फिरण्याची जागा होती. ती फारशी वापरली जात नाही असं दिसल्यावर टायटॅनिकवर तिथे खोल्या वाढवल्या, उपाहारगृह मोठं केलं आणि त्याला लागून ‘काफे पारिझियाँ’ थाटलं. आता एक फोटो डोळ्यांसमोर आणा. वेताच्या खुर्च्या, छोटी टेबलं, भिंतीवर लाकडी जाळी, जाळीवर वेली, एका बाजूला समुद्राकडच्या मोठ्या खिडक्या. खाली लिहिलंय : ‘ऑलिम्पिक, १९११’. हे चूक आहे, कारण तेव्हा तिच्यावर हे काफे नव्हतंच. टायटॅनिक बुडाल्यावर ऑक्टोबर १९१२मध्ये ऑलिम्पिक पुन्हा बेलफास्टला गेली. तिथे बाजूंना आतून दुहेरी आवरण चढवलं, आडव्या जलरोधक भिंती उंच केल्या, आणि त्याच मुक्कामात हे काफेही झालं. १९१३च्या वसंतात ती परतली. म्हणजे हा फोटो एक तर एप्रिल १९१२च्या आसपासच्या टायटॅनिकचा, नाही तर १९१३ किंवा त्यानंतरच्या ऑलिम्पिकचा.

जुन्या फोटोचं साल काढण्याचा मूळ नियम हाच : फोटोत दिसणारी सर्वांत नवी गोष्ट शोधायची. फोटो तिच्याआधीचा असू शकत नाही. खालची ओळ कुणीही, कधीही लिहिलेली असते. जिन्याच्या फोटोखाली ‘ऑलिम्पिक, टायटॅनिकचा जिना याच नमुन्याचा होता’ एवढं छापलं तरी वाचकाचं काहीही कमी होत नाही.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

‘गालिचा आधी काळा होता, नंतर फिकट घातला.’ फोटो ज्यांवर टिपत त्या त्या काळच्या बहुतेक काचपट्ट्यांना लाल रंग दिसत नसे, त्यामुळे लाल गालिचा काळा उमटे आणि निळा फिकट. नंतरच्या फिल्मवर तोच गालिचा वेगळा दिसतो.

‘पोस्टकार्डावरचा शिक्का म्हणजे फोटोचं साल.’ शिक्का टपालाचा असतो. प्रकाशक जुनेच फोटो वर्षानुवर्षं विकत.

‘दालनाची मांडणी उलटी केली होती.’ आधी काचपट्टी उलटी छापली गेली नाही ना, ते बघा. घड्याळाचे आकडे, पाटीवरची अक्षरं, पुरुषांच्या कोटाची बटणं लगेच सांगतात.

‘रंगीत फोटो आहे, म्हणजे रंग खरे.’ जे फिरतात ते बहुतेक मागाहून रंगवलेले असतात.

‘बुडाली ती ऑलिम्पिकच, बोटी बदलल्या होत्या.’ तळाशी असलेल्या अवशेषांच्या पंख्यावर ४०१ हा क्रमांक आहे. तो टायटॅनिकचा गोदी-क्रमांक. ऑलिम्पिकचा ४०० होता.

‘इंग्लंडमधल्या एका हॉटेलात टायटॅनिकचं लाकूडकाम आहे.’ अल्निकच्या व्हाइट स्वान हॉटेलातलं ते लाकूडकाम ऑलिम्पिकचं आहे. १९३५मध्ये तिची सेवा संपली, तेव्हा आतलं सामान लिलावात विकलं गेलं. टायटॅनिकचे समुद्रावर तरंगत सापडलेले लाकडी तुकडे कॅनडात, हॅलिफॅक्सच्या संग्रहालयात आहेत. ऑलिम्पिकने चोवीस वर्षं प्रवासी नेले, पहिल्या महायुद्धात सैनिक नेले, एक जर्मन पाणबुडी धडक देऊन बुडवली. इतकं काम केलेल्या बोटीच्या लाकडावर आणि फोटोंवर तिचंच नाव असायला हवं.