घरातलीच खेळणी

पनवेलची नगरपालिका २०१६ साली महानगरपालिका झाली. शहर वाढले, घराचे अंगण मात्र गेले. मूल रडू लागले की त्याच्या हाती मोबाइल येतो. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी तासाहून अधिक काळ पडद्यासमोर बसू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितले. मग मुलांना रमवावे कशाने?

याचे उत्तर महाराष्ट्राला जुनेच ठाऊक आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीत बालशिक्षणाचे कार्य आरंभिले व पुढे ते कोसबाडच्या आदिवासी मुलांपर्यंत नेले. माँटेसरी पद्धतीची महाग साधने तेथे परवडणारी नव्हती. शिंपले, बिया, पाने, खडे हीच साधने झाली.

शहरातील स्वयंपाकघरही तसेच समृद्ध आहे. डब्यांना झाकणे लावताना मूल आकार ओळखते, पाणी ओतताना त्याला माप कळते, कणकेच्या गोळ्याने बोटांना वळण लागते. चिंचोक्यांसारख्या घशात अडकणाऱ्या वस्तू तेवढ्या तान्ह्यांपासून दूर ठेवाव्यात.

नोकरदार आईबापांना वेळ नसतो, हे खरे. परंतु पोळ्या लाटताना मुलाला शेजारी बसविण्यास वेगळा वेळ लागत नाही. हे काम आईइतकेच वडिलांचेही आहे.