माणसें वाढविल्यानें काम लवकर होतें काय ?

घरांत मंगलकार्य निघालें आणि तयारी मागें पडली, कीं आपल्याकडे पहिला उपाय ठरलेला असतो : आणखी चार माणसें बोलावून घ्यावीं. निवडटिपण करावयाचें असेल, पानें मांडावयाचीं असतील, तर हा उपाय उत्तम लागू पडतो. परंतु ऐन पंगतीच्या वेळीं आलेल्या मदतनिसास कोठीच्या किल्ल्या कोठें आहेत आणि कोणास कोठें बसवावयाचें, हें सांगण्यांतच घरच्या बाईचा अर्धा जीव जातो, हेंहि सर्वांच्या अनुभवाचें आहे.

आज आपल्या अनेक घरांतील मुलगे, मुली व सुना पुण्याजवळच्या हिंजवडींत किंवा परदेशांत सॉफ्टवेअरच्या धंद्यांत आहेत. मुदत जवळ आली म्हणून हीं मंडळी रात्रीं उशिरां घरीं येतात, तेव्हां एवढी मोठी कंपनी आणखी माणसें कां नेमीत नाहीं, असा प्रश्न वडील माणसें विचारतात. त्याचें उत्तर एका अमेरिकन गृहस्थानें स्वतः ठेंचा खाऊन देऊन ठेविलें आहे. ती हकीकत वाचकांपुढें मांडावी, असें आम्हांस वाटतें.

आयबीएम कंपनीनें ७ एप्रिल १९६४ रोजीं 'सिस्टिम/३६०' या संगणकमालिकेची घोषणा केली. लहान यंत्रासाठीं लिहिलेली आज्ञावली मोठ्या यंत्रावरहि चालावी, ही तिच्यामागील मोठी कल्पना. परंतु या यंत्रांचा कारभार हांकणारी 'ओएस/३६०' नांवाची आज्ञावली कांहीं केल्या वेळेवर हातावेगळी होईना. या कामाचे सूत्रधार फ्रेडरिक ब्रूक्स. प्रथम यंत्रांची आणि नंतर आज्ञावलीची जबाबदारी त्यांच्याकडे होती. काम भरांत असतांना हजारांहून अधिक माणसें त्यावर खपत होतीं, आणि १९६३ ते १९६६ या काळांत सुमारें ५००० मनुष्यवर्षांची मेहनत त्यांत गेली, असें त्यांनींच नमूद केलें आहे.

या कथेंत आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो तो एक लहानसा प्रसंग. ही आज्ञावली वापरणारास काय काय करून देईल, याचा तपशीलवार आराखडा कोणीं लिहावा, असा प्रश्न निघाला. आराखडा-विभागाच्या प्रमुखाजवळ १० चांगलीं माणसें होतीं. आपण तो नीट लिहूं, पण दहा महिने लागतील, असें त्यानें सांगितलें. म्हणजे ठरल्यापेक्षां तीन महिने अधिक. दुसऱ्या विभागाच्या प्रमुखाजवळ १५० माणसें होतीं. आपण हें मुदतींत करूं, असें त्याचें म्हणणें. शिवाय तें काम दहाजणांकडे गेलें, तर हीं दीडशें माणसें दहा महिने हातावर हात ठेवून बसणार! यावर पहिल्यानें बजाविलें कीं, दीडशेंजणांनीं केलें तरी तें तीन महिने उशिरांच होईल, आणि वर निकृष्ट होईल. ब्रूक्स यांनीं दीडशेंच्या बाजूनें कौल दिला. पुढें घडलें तें अक्षरशः पहिल्याच्या म्हणण्याप्रमाणें. आराखड्यांत एकसूत्रता न राहिल्यामुळें दोष शोधण्याचा काळ आणखी वर्षभर वाढला, असा ब्रूक्स यांचा स्वतःचा अंदाज आहे.

रिकामीं बसलेलीं माणसें कर्त्या पुरुषाच्या डोळ्यांत सलतात. विसंगत आराखड्याचा खर्च मात्र पुष्कळ उशिरां दिसूं लागतो. म्हणूनच ही चूक चांगल्या शहाण्या अधिकाऱ्यांच्या हातून होते, आणि अजूनहि होते.

यामागचें गणित शाळकरी मुलासहि करतां येईल. पांचजणांनीं एकमेकांशीं बोलावयाचें म्हटलें, तर जोड्या होतात १०, दहाजणांच्या ४५, आणि पन्नासजणांच्या १२२५. ओएस/३६० च्या कामांत प्रत्येकास सर्व बदल कळावे म्हणून एक नोंदवही ठेविली होती. सहा महिन्यांत तिची जाडी पांच फूट झाली ! रोज सुमारें १५० पानें बदलून लावावीं लागत. न्यूयॉर्कच्या टाइम-लाइफ इमारतींत तिच्या शंभर प्रती होत्या. त्या एकीवर एक रचल्या असत्या, तर जवळजवळ इमारतीएवढ्या उंच गेल्या असत्या. शेवटीं हें सर्व सूक्ष्मफितींवर न्यावें लागलें.

आधींच रेंगाळलेल्या कामावर नवीं माणसें घातलीं, तर तें आणखी रेंगाळतें, हा ब्रूक्स यांचा नियम यांतूनच निघाला. नवख्यास शिकविणार कोण ? ज्यांच्या हातीं काम आहे तेच. म्हणजे तेवढे दिवस तेहि कामांतून गेले. कापूस वेंचण्यासारख्या कामास हा नियम लागू नाहीं, हें ब्रूक्सहि मान्य करतात. मग उशीर झाल्यावर पुढाऱ्यानें करावें काय ? मुदत प्रामाणिकपणें पुढें ढकलावी, किंवा काम कमी करावें. वरिष्ठांना हें तोंडावर सांगणें कठीण, आणि पुढारीपणाची खरी किंमत तेथेंच मोजावी लागते, असें आमचें मत आहे. ब्रूक्स यांची वेळेची वांटणीहि पाहण्यासारखी आहे : एक तृतीयांश विचारांत, फक्त एक षष्ठांश प्रत्यक्ष लेखनांत, आणि उरलेला अर्धा वेळ तपासणींत.

कंपनी सोडतांना तिचे प्रमुख टॉमस वॉटसन (धाकटे) यांनीं ब्रूक्स यांना विचारिलें कीं, यंत्रांपेक्षां आज्ञावलीचें काम सांभाळणें इतकें अवघड कां ? उत्तर देण्यास दहा वर्षें लागलीं. चॅपेल हिल येथें अध्यापन करीत असतां १९७५ सालीं त्यांनीं 'द मिथिकल मॅन-मंथ' हें पुस्तक प्रसिद्ध केलें. १९९९ सालीं त्यांस ट्यूरिंग पारितोषिक मिळालें, आणि २०२२ सालीं ते वारले. पुस्तकाच्या १९९५ च्या आवृत्तींत त्यांनीं जुन्या मतांची फेरतपासणी केली. प्रत्येकास सर्व कामाची माहिती असावी, या त्यांच्या मतास डेव्हिड पार्नस यांचा विरोध होता. दुसऱ्याच्या विभागाचें अंतरंग न कळलेलेंच बरें, असें ते म्हणत. या वादांत पार्नस बरोबर होते आणि आपण चुकलों, असें ब्रूक्स यांनीं त्या आवृत्तींत स्पष्ट लिहिलें.