आजीबाईंच्या बाकावर मनाचा उपचार

औषधांमुळे एचआयव्हीबाधितांचे आयुष्य वाढले, तरी मनावरचे ओझे उरतेच. झिम्बाब्वेत शोना भाषेत मनाच्या या अवस्थेला ‘कुफुंगिसिसा’, म्हणजे अतिविचार, म्हणतात. तेथे मानसोपचारतज्ज्ञ मोजकेच. म्हणून डॉ. डिक्सन चिबांडा यांनी २००६ मध्ये हरारेच्या मबारे वस्तीतील दवाखान्याच्या आवारात, बाकावर प्रशिक्षित आजीबाईंना बसविले. रुग्णाने अडचणी मोकळेपणाने सांगायच्या, त्यांतील एक निवडायची आणि तिच्यावरचा मार्ग आजींच्या मदतीने स्वतःच शोधायचा, अशा सहा बैठका. उपदेशाचा मोह आवरणे, हेच आजींचे खरे कसब! २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५७३ रुग्ण होते. त्यांतील सुमारे ४२ टक्के एचआयव्हीबाधित. सहा महिन्यांनंतर बाकावर आलेल्यांपैकी १४ टक्के, तर नेहमीचे उपचार मिळालेल्यांपैकी ५० टक्के रुग्णांत नैराश्याची लक्षणे आढळली.